तराळाच्या नातवाची सही

दलित साहित्य हे नकाराचे साहित्य आहे, हे आपण इतक्या वेळा लिहिले की त्या विधानाची धार आता बोथट झाली आहे. गावाला नकार, वतनाला नकार, धर्माला नकार. परंतु आपला माणूस जगताना जितके नकार देतो त्याच्या कितीतरी पट होकार देतो, आणि ते होकार आता तो अंगठ्याने नव्हे, सहीने देतो. या होकाराची समीक्षा आपण केलेली नाही. ती करणे भाग आहे, हे मला महाबळेश्वरात एका हॉटेलच्या फाटकापाशी जाणवले.

मेअखेरीस एका चर्चासत्रासाठी तेथे गेलो होतो. फाटकावरच्या रक्षकाने आधी सलाम ठोकला, मग जवळ येऊन म्हणाला, "जयभीम सर. वळखलं न्हाई का?" माझाच बी. ए.चा विद्यार्थी. पाऊस लागला की महाबळेश्वरचा हंगाम सरतो, हॉटेले माणसे कमी करतात. त्याला ठाण्यात एका कारखान्याच्या फाटकावर जागा मिळत होती. खिशातून त्याने एजन्सीचा छापील कागद काढला. मजकूर थोडका होता : मी एजन्सीकडे स्वखुशीने काम करतो, मला मिळणारे फायदे सुरक्षा रक्षक मंडळाच्या फायद्यांहून कमी नाहीत, मला मंडळात नोंदणी नको. खाली सहीची रेघ. "करू का सर?"

या कागदामागे महाराष्ट्राचा १९८१चा खाजगी सुरक्षा रक्षक कायदा आहे. १९६९च्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर तो बेतला गेला. एजन्सीने माणूस पुरवायचा, मधला हिस्सा ठेवायचा आणि उरलेले त्याच्या हातावर टेकवायचे, या व्यवहाराला त्याने पर्याय दिला. रक्षकाची नोंदणी मंडळात. मालकाने वेतन आणि वर लेव्ही मंडळात भरायची. पगार, भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा हे मंडळाने पाहायचे. पण याच कायद्यात कलम २३ आहे. रक्षकांच्या एखाद्या वर्गाला मिळणारे फायदे एकूण पाहता कायद्याहून कमी नसतील, तर सल्लागार समितीशी विचारविनिमय करून शासन त्या वर्गाला सूट देऊ शकते. म्हणजे फायद्यांची तुलना करण्याचे काम शासनाचे. माझ्या विद्यार्थ्याच्या हातातल्या कागदाने मात्र ती तुलना त्याच्याकडूनच उरकून घेतली होती, तीही मंडळाचे दर त्याला न दाखवता.

त्याच १९८१ साली शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' प्रसिद्ध झाले. आटपाडीच्या तराळाचा मुलगा मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू होतो, त्याचे हे आत्मकथन. आपल्या समीक्षेची नजर नेहमी त्यातल्या अंतराळाकडे गेली : शिक्षण, पदवी, पद. तराळकीकडे आपण संपलेली गोष्ट म्हणून पाहिले. पण तराळकी म्हणजे काय होते? गावाची राखण, सरकारी निरोप, साहेबाच्या घोड्यापुढे धावणे, बेवारशी प्रेतापाशी रात्र काढणे. कामाला वेळ नाही, हक्काचे वेतन नाही. माझ्या विद्यार्थ्याचा आजा माणदेशातल्या एका गावचा तराळ होता. नातू आज गणवेशात आहे, शिटी आहे, टोपी आहे. पण काम राखणीचेच आणि तास बाराच. पदवी हाती घेऊन तो पुन्हा वेशीवर उभा आहे. हे अंतराळ कोणते?

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बाबासाहेबांनीही आपल्या लोकांना हातचे सोडायला सांगितले होते. १९२८मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाचे विधेयक आणले, तेव्हा आपल्यातल्याच अनेकांना वतन हा आधार वाटत होता. मग मंडळाचा आधार सोडणारा हा मुलगा वेगळे काय करतो? फरक असा की वतन आधाराचे नाव घेऊन माणसाला बांधून ठेवत होते, आणि हा कागद स्वातंत्र्याचे नाव घेऊन त्याला उघड्यावर टाकतो. शिवाय वतन सोडा म्हणणाऱ्याला त्यातून नफा नव्हता. मंडळ सोड म्हणणाऱ्याला आहे.

१९४७च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी हाच कागद जणू समोर ठेवून युक्तिवाद केला आहे. बेकार माणसापुढे एका बाजूला नोकरी आणि दुसऱ्या बाजूला त्याचे मूलभूत हक्क ठेवले, तर तो काय उचलेल याविषयी त्यांना शंका नव्हती. म्हणूनच मालकाच्या सत्तेला घटनेनेच आवर घालावा, अशी त्यांची मागणी होती. एशियाड मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालय याच्या जवळ आले. दिल्लीत मजुरांच्या ९ रुपये २५ पैसे रोजातून जमादार १ रुपया कापून घेत. किमान वेतनाहून कमी दरात राबणे ही घटनेच्या कलम २३ खालची वेठच होय आणि भुकेची सक्ती हीसुद्धा सक्तीच, असे न्यायालयाने म्हटले. (घटनेत कलम २३ वेठीला बंदी करते, रक्षक कायद्यात कलम २३ सूट देते. हा निव्वळ योगायोग, पण मी तो विसरू शकत नाही.)

इंग्लंडात स्वतःची कंपनी काढून एजन्सीमार्फत काम करणारे संगणकतज्ज्ञ आणि अभियंते २००३च्या नियमांतील संरक्षणातून आपणहून बाहेर पडू शकतात. पण तेथेही एजन्सीने काम शोधून देण्यासाठी ती अट घालायची नाही, असे नियमच सांगतो. ज्याच्यापाशी दुसरे काम आहे, त्याच्या सहीलाही तेथे एवढे कुंपण आहे.

मी त्या मुलाला हे सारे सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "सर, मंडळात नाव लागंपर्यंत पोरीची फी थांबती व्हय? खोली एजन्सीच देणार हाय." त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. त्याला भोळा ठरवणारी आमची मध्यमवर्गीय कणवच चुकीची आहे. आणि मी कोणत्या तोंडाने त्याला अडवणार? पक्की नेमणूक मिळेपर्यंत सहा वर्षे एका महाविद्यालयात मी तासिकांवर शिकवले. दर जूनला हमीपत्र लिहून दिले : कायम करण्याची मागणी करणार नाही. अक्षर माझे, सही माझी, मजकूर त्यांचा. वर्गात त्याच दिवशी मी 'बलुतं' शिकवत होतो आणि नकारावर बोलत होतो. माझ्या घराण्यातली ती पहिली शिकलेली सही. या हमीपत्राविषयी मी कधी एक ओळ लिहिली नाही, लाज वाटली. आमच्या पिढीची आत्मकथने शाळेच्या दाखल्यावर आणि नेमणुकीच्या पत्रावर थांबतात, त्यामागे ही लाज असावी असे मला वाटते. शोषण सोसल्याचे लिहिता येते, त्याला लेखी मान्यता दिल्याचे लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सही केली. मी त्याला इतकेच सांगू शकलो की कागदाची नक्कल मागून घे, पगाराची पावती दरमहा जपून ठेव आणि हजेरी स्वतःच्या वहीतही लिही. तो बरं म्हणाला. आणि वही कसली घेऊ, एकरेघी का दुरेघी, असे विचारले.