संगणक आपला, मुखत्यारी कुणाची?

(तेल्हारा येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने संगणकावर काय बोलावे, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर दिसतो आहे. संगणक कसा चालवावा हे आम्ही सांगणार नाही. ते पुढच्या रांगेत बसलेली मुलं आमच्यापेक्षा चांगलं सांगतील. आमचा प्रश्न जुना आहे आणि तत्त्वज्ञानाचाच आहे: एखादी वस्तू 'माझी' आहे म्हणजे नेमके काय?

निमित्त मात्र ताजे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही, हे खरं. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबले. वाढीव मुदतीसाठी नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना आणखी एक वर्ष मिळाले, इतकेच. विंडोज ११ वर जावे म्हटले तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१५-१६ साली घेतलेला, आजही नीट चालणारा संगणक कागदोपत्री म्हातारा ठरला. बैल औताला चालतो आहे, आणि दुसराच कुणी येऊन सांगतो की याचे वय झाले, नवा घ्या.

यावर जी चर्चा झाली ती मुख्यतः खर्चाची झाली. खर्च महत्त्वाचा आहेच. पण आम्हाला दुसरा प्रश्न त्याच्या आधीचा वाटतो. हा निर्णय घेतला कुणी, आणि घेताना मालकाला विचारले का?

वऱ्हाडी माणसाला हे समजावून सांगायला सातबारा पुरेसा आहे. गाव नमुना सातमध्ये जमीन कुणाची ते असते, बारामध्ये तिच्यात पीक कोणते ते असते. संगणकाचा सात आपल्या नावावर आहे, कारण बिल आपल्या नावावर आहे. बारा मात्र दुसराच भरतो. आत काय चालायचे, काय केव्हा बदलायचे, कोणती माहिती बाहेर जायची, हे तो ठरवतो. करारनाम्यात तर स्पष्टच असते की प्रणाली तुम्हाला विकलेली नाही, वापरायची परवानगी दिलेली आहे. डबा आपला, पण आतली व्यवस्था आपण मक्त्याने केलेल्या वावरासारखी वापरतो, आणि मक्त्याच्या अटी समोरचा बदलतो.

आता संगणकाची भाषा ऐका. 'अपडेट होत आहे, बंद करू नका.' हे वाक्य फार हुशार आहे, कारण त्यात करणारा कुणी नाही. पाऊस पडतो तसे अपडेट होते. पाणिनीने कर्ता कुणाला म्हणावे हे ठरवताना स्वतंत्र असणे हाच निकष लावला. क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता. बाकीचे कर्म, करण वगैरे. 'आम्ही संगणक वापरतो' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या व्यवहारात आपण कर्ते असतो की करण, हे एकदा तपासून पाहायला हवे. कधीकधी संगणक स्वतःच 'आम्ही' म्हणतो: आम्ही तुमच्यासाठी तयारी करत आहोत! बरं, आम्हीही भाषणात 'आम्ही' म्हणतो. पण हा 'आम्ही' तुमच्यासमोर उभा आहे, त्याला उलट प्रश्न विचारता येतो. पडद्यावरच्या 'आम्ही'ला विचारता येत नाही.

कुणी म्हणेल, हे सगळे शब्दांचे खेळ झाले, व्यवहारात कोण कुणाचे काय बंद करतो? जुलै २०२५ ची घटना बघा. नायराचे पेट्रोल पंप तुम्ही पाहिले असतील. कंपनीचे मुख्यालय मुंबईत, रिफायनरी गुजरातेत वाडीनारला, आणि तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा. युरोपियन युनियनने तिच्यावर निर्बंध लावले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. ईमेलसारखे रोजचे काम अडले. परवान्यांचे पूर्ण पैसे आम्ही भरले आहेत, असे कंपनीचे म्हणणे होते. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिना संपताना सेवा पुन्हा सुरू झाल्या. युरोप बरोबर की नायरा, हा आजचा विषय नाही. विषय एवढाच आहे की काम भारतात, माणसे भारतात, भांडण दुसऱ्यांचे, आणि किल्ली तिसऱ्याच देशात. एवढ्या मोठ्या कंपनीला वकील लावता आला. तेल्हाऱ्याच्या दुकानदाराचे खाते उद्या कुण्या यंत्राने संशयावरून बंद केले, तर तो कोणत्या न्यायालयात जाणार?

आपल्या भागात हा प्रश्न नवा नाही. तो आपण बियाण्याच्या रूपाने भोगला आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, दुसऱ्याला देण्याचा, विकण्याचा हक्क दिला. ब्रँड लावून विकायचे नाही, एवढी अट. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे एकेए-७ हे देशी कापसाचे सरळ वाण घ्या. त्याची सरकी राखून पुढच्या साली पेरता येते. संकरित बीटी कापसाची राखली तर पीक तसे उतरत नाही, म्हणून दरवर्षी पाकीट घ्यावे लागते. संकरित कापसात निसर्ग अडवतो. सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करणे तर अगदी सोपे, तिथे करार अडवतो.

याच विषयातली आणखी एक गोष्ट. जून २०१९ मध्ये शेजारच्या अकोट तालुक्यात, अकोली जहांगीरला, शेतकरी संघटनेच्या लोकांनी मान्यता नसलेले एचटीबीटी कापसाचे बियाणे उघडपणे पेरले. मागणी होती तंत्रज्ञान निवडण्याच्या स्वातंत्र्याची. ती योग्य की अयोग्य यावर इथे दोन मते असतील, असू द्या. आम्हाला त्यातून एक भेद दिसतो. निवडीचे स्वातंत्र्य वेगळे, आणि निवडल्यानंतरचे स्वातंत्र्य वेगळे. बाजार पहिले देतो. चार कंपन्यांपैकी कुणाचाही संगणक घ्या म्हणतो. घरी आणल्यावर त्याच्यावर शब्द कुणाचा चालणार, याबद्दल तो बोलत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ या दुसऱ्या स्वातंत्र्याबद्दल आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचे लिनक्स आले. मागणी चार गोष्टींची: प्रणाली हव्या त्या कामाला वापरता यावी, ती कशी चालते ते तपासता यावे, दुसऱ्याला देता यावी, आणि सुधारून वाटता यावी. कलम ३९ शेजारी ठेवून वाचा, नाते लगेच दिसेल.

यावर आमच्या परिचयातल्या एका दुकानदाराने रोख प्रश्न केला: "सर, मले कोड वाचताच येत नाही, तं त्या मोकळेपनाचं मी काय करू?" प्रश्न बिनतोड वाटतो. पण विहिरीवरची मोटार जळली की आपण काय करतो? आपल्याला रिवायंडिंग येत नाही. तरी मोटार उचलून गावातल्या रिवायंडिंगवाल्याकडे नेतो, कंपनीची परवानगी मागत नाही. स्वातंत्र्य म्हणजे सगळं स्वतः करता येणं नव्हे. आपला मेकॅनिक आपण निवडता येणं, हे स्वातंत्र्य. स्रोत खुला असेल तर मेकॅनिक अनेक असू शकतात. बंद असेल तर एकच, आणि तोच यंत्र म्हातारे झाल्याचे ठरवणार.

आता टीका दुसऱ्या बाजूवरही व्हायला हवी. मुक्त स्रोताचे आपले प्रचारक तीन चुका करतात.

पहिली, 'फुकट आहे' म्हणून सांगतात. आपल्या गावांत चोरीची विंडोजही फुकटच टाकून मिळत होती. ज्याला फुकटच हवे त्याला फरक कशाला कळेल?

दुसरी, मुक्त आणि स्वदेशी यांची गल्लत. २०२५ मध्ये केंद्रातल्या मंत्र्यांनी झोहो वापरायला सुरुवात केल्याचे जाहीर केले, आणि आता आपण स्वतंत्र झालो असा सूर निघाला. झोहो भारतीय आहे, चांगलीही असेल. पण तिच्या कार्यालयीन सेवा मुक्त स्रोत नाहीत. किल्ली परदेशातून चेन्नईला आली, आपल्या खिशात आली नाही. राज्य करणारा बदलला म्हणजे स्वराज्य झाले असे नव्हे, हा भेद गांधीजींनी १९०९ मध्येच 'हिंद स्वराज्य'मध्ये केला होता.

तिसरी, प्रणाली टाकली की काम झाले हा समज. जर्मनीत म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचे ठरवले. राजकीय पाठबळ गेले, बाहेरच्या कार्यालयांशी फायलींचा मेळ बसवण्याची कटकट होतीच. उलट केरळच्या शाळा बघा. तिथे आधी शिक्षक तयार केले, मग पाठ्यपुस्तके, मग यंत्रे; आज दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांचा हा व्याप आहे. आपल्याकडे लाखो मुलांनी एमएस-सीआयटी केले. त्यातले 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट. अनेकांना ते मायक्रोसॉफ्ट वाटते, आणि अभ्यासक्रमाचा भर पाहता त्यांना दोष देता येत नाही. आपण संगणक शिकवला नाही, एका कंपनीची बटणे कुठे आहेत ते शिकवले.

आणि मराठी माणसाचे सर्वांत मोठे कुलूप तर परदेशी नाहीच. ते आपले आहे. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, आयएसएम यांच्या जुन्या फॉन्टांनी, दुसरी सोय नसताना, मराठी छपाई संगणकावर आणली. हे ऋण मान्य करायलाच हवे. पण त्या फॉन्टांत 'क' दिसतो तो फक्त डोळ्यांना. फायलीत त्या जागी भलतेच चिन्ह साठवलेले असते. फॉन्ट काढा, मजकुराचा कचरा होतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही आपल्या डीटीपीच्या दुकानांत पेजमेकर अजून भेटतो, ज्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. स्मरणिका, गावांचे इतिहास, लोकगीतांची संकलने, साप्ताहिकांचे अंक अशा फायलींत पडून आहेत. ते संगणक मोडले, तो एक डीटीपीवाला निवृत्त झाला, की तो मजकूर कायमचा मुका. विंडोज १० पेक्षा आम्हाला ही चिंता मोठी वाटते. यंत्र नवे घेता येते, म्हातारीने सांगितलेली ओवी पुन्हा कुठून आणणार?

म्हणून आमचा क्रम प्रचारकांपेक्षा उलटा आहे. आधी मजकूर सोडवा: जुन्या फायली परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणा, आणि माणसाने वाचून तपासा, कारण जोडाक्षरे हमखास चुकतात. लोहित, मुक्ता असे मुक्त फॉन्ट वापरा. मग फायलीचा साचा: ओडीएफसारखे खुले मानक, जे २००६ पासून आयएसओ मानक आहे. मग आहे त्याच विंडोजवर लिबरऑफिस, फायरफॉक्स, आणि छपाईसाठी स्क्राइबस वापरून बघा. स्क्राइबसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळतात. शेवटी प्रणाली. पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवून पाहता येते, आतल्या विंडोजला धक्का न लावता. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतून धडे आहेत.

अडचणी लपवू नयेत. टॅली विंडोजसाठीच बनते. काही जुने स्कॅनर, अंगठा घेणारी यंत्रे लिनक्सवर चालत नाहीत. ज्याचे पोट त्यावर आहे, त्याला आम्ही 'आजच बदल' असे सांगणार नाही. पण सरकारला नक्की सांगू. २०१५ मध्ये केंद्राने मुक्त स्रोताला प्राधान्य देण्याचे धोरण काढले. मग सरकारी काम करायला नागरिकाला एका विशिष्ट कंपनीचीच प्रणाली घ्यावी लागेल, अशी स्थिती एकाही ठिकाणी का असावी? हा प्रश्न आपल्या ग्रामसभेत, नगरपालिकेत, शाळेच्या व्यवस्थापन समितीत विचारता येतो.

पुढच्या वेळी संगणक घ्याल, किंवा कुणी 'सगळं ऑनलाइन ठेवा, चिंता नको' म्हणेल, तेव्हा त्याला एवढेच विचारा: उद्या तुम्ही हात काढून घेतला, तर यातले माझे काय उरते? उत्तर ऐका, आणि मग पैसे द्या.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.