नाम आणि बोधचिन्ह : परळच्या चित्रसंस्थांपासून व्हिडिओ गेमपर्यंत

१

व्यापारी संस्थेचे नाव आणि तिचे बोधचिन्ह यांचा विचार सामान्यतः जाहिरातकलेकडे सोपविला जातो. वाङ्मयसमीक्षेला त्याचे सोयरसुतक नसावे, असा समज रूढ आहे. परंतु नाव ही एका शब्दाची रचना असते व बोधचिन्ह हे त्या शब्दावरील दृश्य भाष्य असते. आणि शब्द व भाष्य यांचा संबंध तपासणे हे समीक्षेचेच कार्य होय. १९८२ च्या गिरणी संपानंतरच्या दशकांत परळ-लालबागमधील गिरण्यांच्या बऱ्याच जमिनीवर कचेऱ्या उभ्या राहिल्या. अशा एखाद्या कचेरीत नवी व्हिडिओ गेम कंपनी निघावयाची असेल, तर तिचे नाव व चिन्ह कोणत्या निकषांवर पारखावे, हा येथील प्रश्न आहे. त्याच्या विचाराला लागणारी सामग्री परळनेच पूर्वी पुरविलेली आहे.

२

१९३३ साली जे. बी. एच. वाडिया व होमी वाडिया या बंधूंनी 'वाडिया मूव्हीटोन' स्थापन केली. तिचा स्टुडिओ परळच्या लवजी कॅसल या वास्तूत होता. संस्थेचे नाव कुलनामावरून आलेले, आणि चिन्ह होते जहाज. कारण वाडियांचे पूर्वज अठराव्या शतकापासून मुंबईत जहाजे बांधीत आले होते. कुलवृत्तान्त म्हणून ही योजना निर्दोष आहे. तथापि 'हंटरवाली' (१९३५) पाहावयास आलेल्या प्रेक्षकाला जहाजाचा अर्थ कोणी सांगितल्यावाचून कळण्याजोगा नव्हता. चिन्ह मालकाशी बोलत होते, प्रेक्षकाशी नव्हे.

१९४२ साली हीच जागा व्ही. शांताराम यांच्याकडे आली व तेथे 'राजकमल कलामंदिर' उभे राहिले. राजाराम आणि कमला या आईवडिलांच्या नावांतून हे नाव जुळविलेले आहे. म्हणजे येथेही मूळ प्रेरणा कौटुंबिकच होय. परंतु जुळणीतून निघालेला शब्द स्वतंत्र अर्थाने उभा राहतो. आईवडिलांची नावे ठाऊक नसणाऱ्यालाही 'राजकमल' कळते. कमळ व फुले उधळणारी स्त्री हे चिन्ह त्या सर्वांना कळणाऱ्या अर्थाचा आधार घेते. खाजगी अर्थ शब्दाच्या पोटात राहतो, सार्वजनिक अर्थ दर्शनी येतो. वाडियांच्या जहाजापेक्षा हे पाऊल निश्चितपणे पुढचे आहे.

याहून पुढचे पाऊल मात्र शांताराम परळला येण्यापूर्वीच पडलेले होते. १९२९ साली कोल्हापुरास त्यांनी दामले, फत्तेलाल, धायबर व कुलकर्णी यांच्यासह 'प्रभात' काढली. 'प्रभात' हा शब्द काळाचे नाव सांगतो. तुतारी फुंकणारी स्त्री त्या काळाचे कार्य दाखविते. पहाट म्हणजे जाग आणणे, हा अर्थ चिन्हाने क्रियेत उतरविला. विशेष हे की, मूकपटांच्या दिवसांत ही तुतारी दिसे, पण ऐकू येत नसे. बोलपट आल्यावर तिला स्वर मिळाला. आरंभीच्या आकृतीतच पुढच्या तंत्राला सामावून घेणारी जागा होती. यावरून एक निकष हाती येतो : जे चिन्ह वस्तू दाखविते ते ओळखीपुरते राहते, जे क्रिया दाखविते ते माध्यमाबरोबर वाढते.

३

व्हिडिओ गेमच्या बाबतीत या निकषाला अधिकच वजन येते. चित्रपटाचा रसिक पाहतो. खेळाचा रसिक करतो. त्याने काही केल्यावाचून कृतीच पूर्ण होत नाही. म्हणून येथे नावात क्रिया असावी, आणि ती खेळणाऱ्याची असावी.

या व्यवसायातील नावांतही वरील भेद दिसतो. जपानमधील 'नॅम्को' हे नाव संस्थापक नाकामुरा यांच्या कंपनीच्या लांबलचक इंग्रजी नावाचा संक्षेप आहे; ते वाडियांच्या पंक्तीत बसते. १९७२ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या 'अटारी'चे नाव मात्र 'गो' या पटावरील खेळातून आले. प्रतिपक्षाची सोंगटी पुढच्याच खेळीत मारली जाईल अशी स्थिती म्हणजे अटारी. आपल्या बुद्धिबळातील 'शह' तिच्या जवळचा. जॉर्ज ऑपरमन यांनी रेखाटलेल्या तिच्या चिन्हात मध्ये एक सरळ रेषा व दोहों बाजूंस दोन वक्र रेषा आहेत. दोन खेळाडू व मधले मैदान, असा तिचा अर्थ सांगितला जातो. तीनच रेषा असल्यामुळे आकार कितीही लहान केला तरी ती ओळखू येते.

४

आता मराठी पर्याय पाहावयाचे. वज्र, चक्र, त्रिशूळ अशा पौराणिक नावांकडे प्रथम हात जातो. ती भारदस्त आहेत. परंतु इतक्या संस्थांनी वापरलेली आहेत की त्यांतून वेगळेपण उरत नाही. शिवाय ती शस्त्रांची नावे आहेत, म्हणजे पुन्हा वस्तूंचीच. 'भोंगा' हे नाव गिरणगावाची आठवण जागवील. पण भोंगा माणसाला कामावर बोलावीत असे, खेळावयास नव्हे. स्थळाचा अभिमान येथे अर्थाच्या आड येतो.

खरा साठा मराठी मुलांच्या खेळांत आहे. 'शह' हा अर्थाने अटारीच्या तोडीचा. रोमन लिपीत मात्र तो आडनाव म्हणून वाचला जाईल. 'डाव' दोन अक्षरी, जोडाक्षररहित, पाळी, खेळ व कुस्तीतील पेच हे तिन्ही अर्थ सांगणारा. पण रोमन अक्षरांतून तो 'दाव' की 'दव' हे ठरत नाही. 'राज्य' मोठे गमतीचे आहे : मुलांच्या खेळात ज्याच्यावर राज्य येते त्याला सुख नसून सर्वांमागे धावणे नशिबी येते. हा उपरोध मराठी कानाला सुखावतो, इतरांना केवळ साम्राज्य ऐकू येते. 'भिडू' प्रेमळ आहे, परंतु २०२४ साली जॅकी श्रॉफ यांनी दिल्ली उच्च न्यायालयात व्यक्तिमत्त्व-हक्कांसाठी केलेल्या दाव्यात या शब्दाचाही समावेश होता.

लिप्यंतराचा प्रश्न क्षुल्लक नव्हे. १९८० सालचा 'पकमन' हा जपानी खेळ अमेरिकेत जाताना 'पॅकमन' झाला, कारण यंत्रावरील रोमन नावाचे पहिले अक्षर थोडे खरवडले तरी अश्लील शब्द होण्याची भीती होती.

उरतो तो 'लगोरी'. सात चपट्या दगडांची रास चेंडूने पाडावयाची आणि चेंडू अंगावर बसण्यापूर्वी ती पुन्हा रचावयाची. मोडणे आणि रचणे ही दोन्ही खेळणाऱ्याचीच कामे. व्हिडिओ गेममधील हरणे व पुन्हा आरंभ करणे यांचे याहून नेमके रूपक मराठीत सापडणे कठीण. रोमन लिपीत उच्चार फारसा बिघडत नाही, आणि हा शब्द कानडीतही परिचित आहे. चिन्ह काढताना सात दगड काढण्याचा मोह टाळावा. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर सात रेषांचा ठिपका होईल. तीन दगड, त्यांतील वरचा कललेला, एवढे पुरे. कललेला दगड म्हणजे पडण्यापूर्वीचा क्षण, आणि तोच 'प्रभात'च्या तुतारीप्रमाणे पुढे स्वर व गती स्वीकारू शकेल.

५

समीक्षेचा निर्णय येथे संपला तरी नावाचे भवितव्य ठरत नाही. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यातील कलम ९ अन्वये, मालाचे केवळ वर्णन करणारे नाव नोंदणीस अपात्र ठरते. म्हणून 'खेळ' वा 'गेम' एवढ्यावर विसंबणारे नाव टिकत नाही. लगोरी ही संगणकीय खेळांचे वर्णन करीत नाही, ती सूचकतेनेच बोलते. ही तिची जमेची बाजू. परंतु बंगळूरच्या एका संगीतवृंदाने हे नाव पूर्वीच धारण केले आहे, आणि करमणुकीच्या सेवा व संगीतप्रयोग नोंदणीच्या एकाच, म्हणजे ४१ व्या वर्गात येतात. तेव्हा अँटॉप हिलच्या नोंदणी कार्यालयातील शोधावाचून निवड अंतिम मानता येणार नाही.

तो शोध प्रतिकूल ठरला तर नाव सोडावे लागेल, निकष सोडण्याचे कारण नाही. विटी-दांडू, सूरपाट्या, आट्यापाट्या यांच्या परिभाषेत खेळणाऱ्याच्या क्रियेचे शब्द अद्याप विपुल आहेत. ते वापरात राहतात की केवळ कोशात उरतात, हे नव्या संस्था कोणती नावे घेतात यावरही अवलंबून राहील.