हृदयाला घातलेली गळ

संग्रहालयात ‘ताईत’ हा शब्द वाचला की आपण पुढे सरकतो. ताईत म्हणजे अंधश्रद्धा, हे आपलं ठरलेलंच असतं. आज आपण त्या शब्दापाशी जरा थांबू.

२०१२ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियममधली ममी आली होती. नेस्पेरेन्नुब नावाचा, कर्नाकचा पुरोहित, सुमारे २८०० वर्षांपूर्वीचा. ठाण्या-डोंबिवलीहून लोकल पकडून तुमच्यापैकी काही जण गेलेही असतील. कापडाची एकही पट्टी न सोडता, सीटी स्कॅनने आतला देह आणि ताईत दाखवले होते.

इजिप्तच्या ताईतांत सर्वांत परिचित तो स्कॅरब, म्हणजे शेणाचा गोळा ढकलणारा शेणकिडा. त्याची पिल्लं गोळ्यातून बाहेर येतात. तिथल्या लोकांना वाटलं, हा स्वतःच स्वतःला जन्म देतो. सूर्याचा गोळाही असाच कोणी ढकलत असणार. तो देव खेप्री. ‘खेपेर’ म्हणजे होणे. म्हणून स्कॅरब पुनर्जन्माचं प्रतीक, असं सांगून माहितीफलक बहुधा थांबतात. आमचा आक्षेप या थांबण्याला आहे.

कारण मृताच्या हृदयावर ठेवायच्या स्कॅरबच्या पोटावर बहुधा एक मंत्र कोरलेला असतो. त्यात मृत माणूस देवाशी बोलत नाही, स्वतःच्या हृदयाशी बोलतो. विनवणी अशी, की न्यायसभेत माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. ब्रिटिश म्युझियममधला हिरव्या जॅस्परचा, सोन्यात बसवलेला असा एक स्कॅरब सोबेकेमसाफ या राजाचा आहे. राजालाही ही विनवणी चुकली नाही!

आता बघा, ममी करताना मेंदू पुष्कळदा काढून टाकत, हृदय मात्र देहातच ठेवत. बुद्धी आणि स्मृती तिथे असते, अशी समजूत. परलोकात ते मातच्या, म्हणजे सत्याच्या, पिसाशी तोललं जाई. आपला चित्रगुप्त वही घेऊन बाहेर बसलेला असतो. इथे साक्षीदार स्वतःच्याच छातीत.

कोणी म्हणेल, ही तर लबाडी झाली, साक्षीदार फोडणं झालं. खरंय. पण साक्षीदार फोडायला कोण जातो? तो खरं बोलेल अशी ज्याला खात्री असते तो. म्हणजे या लबाडीच्या पोटातच एक कबुली आहे: आपण काय केलं, ते आपल्याला ठाऊक असतं. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ म्हणणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको.

नुसतं ‘पुनर्जन्म’ लिहिलं की यातली भीती जाते, आणि तिच्याबरोबर नीतीचा प्रश्नही. तेव्हा काचेमागे स्कॅरब दिसला तर पाठ बघून पुढे जाऊ नका. पोटावर काय कोरलंय, ते विचारा.