एकोणचाळीस की तीस नऊ?

पाठ्यपुस्तकांस नावे ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. परंतु इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून वाद थेट विधिमंडळापर्यंत जावा, असा प्रसंग विरळा. तो २०१९ च्या जून महिन्यात आला. बालभारतीच्या नव्या पुस्तकात एकवीसपासून पुढील संख्यांची नावे ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशा रीतीने दिली होती. पालक चमकले, वर्तमानपत्रांस विषय मिळाला, आणि ज्या आडनावात ‘वीस’ आहे त्यावर कोट्याही होऊन गेल्या. वास्तविक जुनी नावे पुस्तकातून गाळलेली नव्हती. नवी व जुनी शेजारी शेजारी नांदत होती. पण कोटी करणारास पुस्तक उघडण्याची गरज पडत नाही. तो धुरळा खाली बसून आता काही वर्षे लोटली आहेत, तेव्हा त्या योजनेचे गुणदोष शांतपणे पाहण्यास हरकत नसावी.

ह्या विषयाच्या समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. २०२३ मध्ये त्या निवर्तल्या. त्या स्वतः गणिती होत्या आणि मुलांस गणिताची गोडी लावण्यासाठी त्यांनी पुष्कळ श्रम घेतले होते. त्यामुळे त्यांचे म्हणणे चेष्टेवारी नेण्याजोगे मुळीच नव्हते. ते थोडक्यात असे: मराठी संख्यानामांत जोडाक्षरांचा सुळसुळाट आहे, आणि आपण ज्या क्रमाने संख्या बोलतो त्याच्या उलट क्रमाने ती लिहितो. कानडी, तेलुगू, इंग्रजी ह्या भाषांत एकवीसच्या पुढे दशक आधी व एकक मागून येतो. मराठीत एकक पुढे धावतो.

ह्या निदानात सत्यांश किती आहे, हे पाहावयाचे असेल तर सात वर्षांच्या मुलास एवढेच विचारावे, की अडतीस मोठे की एक्केचाळीस? मुलाच्या कानावर प्रथम काय पडते? एका नावात ‘अड’, म्हणजे आठ, दुसऱ्यात ‘एक’. आठापुढे एक तो काय! ‘तीस’ आणि ‘चाळीस’ मागून येतात, तोवर बाळाचा निकाल लागून गेलेला असतो. पाटीवर ३८ व ४१ लिहिले असताही ही खोड जात नाही. कारण डोळाही कानाच्या मागे जातो आणि आठाचा अंक शोधून काढतो. उलट ‘तीस आठ’ आणि ‘चाळीस एक’ असे म्हटले, की ज्या अंकावर तुलना ठरावयाची तोच कानात आधी शिरतो. एवढ्यापुरती नवी नावे उपकारक आहेत, हे टीकाकारांनी प्रांजळपणे कबूल करावयास हवे होते.

परंतु आमचा आक्षेप येथूनच सुरू होतो. नाव उलटविल्याने मुलास कोणता अंक आधी पाहावा हे कळते. तो आधी का पाहावा हे कळत नाही. ‘दशकाचा अंक मोठा ती संख्या मोठी’ हा नियम पाठ करून मूल परीक्षेत उतरेल, आणि पुढे तीन अंकी संख्या आली की पुन्हा गोंधळेल. नियमामागील कारण अगदी साधे आहे. सुटे एकक कधीच नवाच्या वर जात नाहीत. दहावा आला की गठ्ठा बांधला जातो. म्हणून सुटे कितीही असोत, त्यांच्याने एका गठ्ठ्याची बरोबरी होत नाही. दोन अंकी संख्यांच्या तुलनेतील सारा जीव ह्या एका गोष्टीत आहे.

ती समजाविण्यास शहरी दुकानांतील रंगीत मण्यांची गरज नाही. आमच्या परिचयाचे उदाहरण म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातील, जामखेड तालुक्यातले खर्डा घ्या. गाव इतिहासात प्रसिद्ध आहे ते १७९५ च्या मराठे-निजाम लढाईमुळे. (त्या सनात नऊ हा सर्वांत मोठा अंक, तरी त्याची किंमत नव्वदच, आणि सर्वांत लहान जो एक, त्याच्या हाती हजाराची सत्ता. स्थानाचा महिमा ह्याहून स्पष्ट कोठे दिसणार?) ह्या बाजूस रब्बीची ज्वारी निघाली की कडब्याच्या पेंढ्या बांधल्या जातात आणि विकताना त्या शेकड्याने मोजल्या जातात. पेंढी आणि सुटे ताट ह्यांतील भेद तेथील मुलास शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक असतो. शेतातली पेंढी ताटे मोजून बांधीत नाहीत हे खरे. पण शाळेपुरती दहा ताटांची पेंढी बांधण्यास कोण आडवा येतो? तीन पेंढ्या आठ ताटे एकीकडे, चार पेंढ्या एक ताट दुसरीकडे, असे मांडले तर कोणता ढीग मोठा हे सांगण्यास नियम लागत नाही.

आता नव्या नावांचा जो दोष आम्हांस सर्वांत मोठा वाटतो, आणि ज्याची त्या सगळ्या गदारोळात फारशी कोणी दखल घेतली नाही, तो असा. ३९ ला ‘तीस नऊ’ म्हटले म्हणजे नवाचा अंक मोठ्या दिमाखाने उभा राहतो. मराठीने मात्र तेथे ‘एकोणचाळीस’ म्हटले आहे; एकाने ऊन, म्हणजे चाळीसला एक कमी. हे नुसते नाव नव्हे, ही तुलनाच आहे. ती संख्या कोठे उभी आहे, कोणाच्या दाराशी आली आहे, किती पावले उरली आहेत, हे सर्व त्या एका शब्दात आले. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ ठिकाणी भाषेने मुलास हा धडा फुकट दिला आहे. (नव्याण्णववर येऊन ती का थबकली, हे तीच जाणे!) ह्या नावांपायी मूल ३९ च्या जागी ४९ लिहिते, हीही खरी अडचण आहे, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. पण तो दोष नावाचा कमी आणि नावाचा अर्थ न सांगता उजळणी घोकून घेणाऱ्या रीतीचा अधिक आहे. अंकलिपीतून ‘एकोण’ म्हणत वाढलेल्या कित्येक पदवीधरांस त्याचा अर्थ विचारून पाहावा, म्हणजे आमच्या म्हणण्याची प्रचीती येईल.

परदेशांकडे पाहिले तरी नाव बदलण्याचा उपाय जपूनच योजावा असे दिसते. नॉर्वेत पूर्वी आपल्यासारखेच ‘एक आणि वीस’ म्हणत. तेथील पार्लमेंटाच्या ठरावाने १९५१ मध्ये ‘वीस एक’ रूढ करण्यात आले. तरी जुनी रीत लोकांच्या तोंडून पुरती गेली नाही. जर्मनांनी ती अजून सोडलेली नाही. त्यांची मुलेही श्रुतलेखनात अंकांची उलटापालट करतात, आणि तरी त्या भाषेत थोर गणिती निपजावयाचे राहिले नाहीत. शिवाय शाळेत ‘साठ तीन’ शिकलेल्या मुलास आठवड्याच्या बाजारात भाजीवाली ‘त्रेसष्ट’च सांगणार. म्हणून ‘साठ तीन’ ही पायरी असावी, मुक्कामाचे ठिकाण नसावे. आणि पुस्तकाने दोन्ही नावे देऊन जो समंजसपणा दाखविला होता, त्याचे श्रेय त्यास मिळावयास हवे.

राहता राहिला पाठांचा क्रम. लहान-मोठेपणा दाखविणारे चिन्ह फार लवकर आणण्याची घाई पुष्कळ वर्गांत दिसते. मग चिन्हाचे तोंड कोणीकडे करावयाचे ह्यातच मुलाची सारी बुद्धी खर्च होते. आमच्या मते पहिल्या दिवशी चिन्ह नकोच, अंकही नकोत. एका मुलापुढे तीन पेंढ्या व नऊ ताटे ठेवावी, दुसऱ्यापुढे चार पेंढ्या. आणि पहिल्यास विचारावे, की बाळ, त्याच्याएवढे होण्यास तुला आणखी किती ताटे हवीत? ‘एक’ असे उत्तर आले, म्हणजे ‘एकोणचाळीस’ हे नाव उच्चारावे. तोपर्यंत उच्चारू नये.