सभासदी पागेचे आंकडे व डॉ. सेन यांचा निर्णय

मराठ्यांच्या लष्करी पद्धतीविषयीं लिहूं इच्छिणारास डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांचा इ. स. १९२८ सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ टाळून पुढें जातां येत नाहीं. ग्रंथकारांचा व्यासंग मोठा असून मराठी कागदांविषयींचा त्यांचा आदर अकृत्रिम आहे, हें आम्ही कृतज्ञतापूर्वक नमूद करतों. तथापि शिवछत्रपतींची रोख पगारी फौज मोडून पुढें सरंजामी फौजा आल्या आणि तेथेंच ऱ्हासाचें बीज पडलें, हा जो त्यांचा एक प्रमुख निर्णय, त्याचा पाया तपासून पाहणें आम्हांस अवश्य वाटतें.

हा पाया बव्हंशीं कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीचा आहे. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून ती जिंजीस शके १६१६ (इ. स. १६९४) मध्यें, म्हणजे शिवछत्रपतींच्या निधनानंतर चवदा वर्षांनीं, लिहिली गेली. तींत पागेची रचना अशी दिली आहे : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी, पांच हजाऱ्यांवर एक पंचहजारी. आतां बेरीज करून पाहावी. जुमला १२५ राउतांचा, तेव्हां दहा जुमले १२५० राउतांचे होतात व पंचहजारीकडे ६२५० येतात. पागेचे एकंदर राऊत बखरकार ४५,००० सांगतात. हजारीकडे हजार धरल्यास असे ४५ हजारी लागतात. १२५० धरल्यास ३६ पुरतात. यावरून 'हजारी' हें दर्जाचें नांव आहे, मोजदाद नव्हे, एवढें तरी निश्चित होतें. ग्रंथकारांनीं या रचनेस प्रत्यक्षाची योग्यता देऊन तीवर पुढील तुलना उभारली आहे. आमचा आक्षेप येथूनच सुरू होतो.

याचा अर्थ बखर खोटी, असा मात्र कोणीं करूं नये. चिपळूणच्या मुक्कामांतील लष्कराच्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांस शिवछत्रपतींनीं लिहिलेलें पत्र सुप्रसिद्ध आहे. त्यांत हेच हुद्दे येतात. म्हणजे हुद्दे खरे. परंतु हुद्दा खरा ठरला म्हणून त्याखालील संख्या सदैव भरलेली होती, असें सिद्ध होत नाहीं. शिवाय त्याच पत्रांत दाणावैरण पुरवून वापरण्याची व रयतेस तोशीस न लावण्याची सक्त ताकीद आहे. नियम आपोआप पाळला जात असता, तर अशा ताकिदीचें कारण पडलें नसतें. सभासद देतात तो नियम आहे, हजेरी नव्हे. उलटपक्षीं पेशवाईचे सरंजामी हिशेब विपुल उपलब्ध असून त्यांत नेमणुकीहून कमी भरलेले राऊत, थकलेले रोजमुरे, सावकारांचें देणें, हें सारें उघडें दिसतें. एका काळाचा नियम दुसऱ्या काळाच्या हिशेबाशीं ताडला, तर पहिला काळ निर्दोष व दुसरा सदोष ठरणारच.

परदेशांतील एक दाखला येथें उपयोगी पडेल. स्वीडनचा राजा अकरावा कार्ल यानें इ. स. १६८२ पासून, म्हणजे जवळजवळ आपल्या याच काळांत, प्रांतांशीं करार करून प्रत्येकीं १२०० पायदळ कायम राखण्याची व्यवस्था लावली. पलटणींत आठ तुकड्या व तुकडींत १५० शिपाई. कांहीं शेतांचा एक गट करून त्या गटानें एक शिपाई पोसावा व त्यास झोंपडें आणि जमिनीचा तुकडा द्यावा, असा नियम होता. ही व्यवस्था विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकली. रोकडीऐवजीं जमिनीवर पोसलेली फौज दुबळीच असते, हा सिद्धांत त्यामुळें लंगडा पडतो. तेथें हजेरी सरकारी अंमलदार घेत, सरंजामदार नव्हे. हा भेद महत्त्वाचा आहे. त्या हजेरीचे पट स्टॉकहोमच्या लष्करी दप्तरखान्यांत जपलेले असल्यामुळें नियमांतील १२०० व प्रत्यक्षांतील आंकडा ताडून पाहतां येतो. आमच्याकडे नेमकी तीच सोय नाहीं.

आमच्या इस्लामपूर-वाळवे भागाच्या शेजारचेंच उदाहरण घ्यावें. हिंमतबहाद्दर उदाजी चव्हाण यांनीं बत्तीस शिराळ्याची गढी घेऊन असा जम बसविला कीं, शाहू महाराजांस शिराळें व कऱ्हाड येथील चौथाई देऊन त्यांची समजूत करावी लागली. ही गोष्ट डॉ. सेन यांच्या बाजूची आहे, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों. परंतु इ. स. १६८९ नंतर खजिना रिता असतां औरंगजेबाशीं १७०७ पर्यंत जें युद्ध चाललें, तें अशाच सरदारांच्या पथकांनीं चालविलें, हेंही तितकेंच खरें आहे. शेवटच्या काळाविषयीं रँडॉल्फ कूपर यांनीं इ. स. २००३ च्या ग्रंथांत १८०३ मधील मराठी पायदळ व तोफखाना हीन नव्हता असें दाखवून, पैसा व युरोपीय अंमलदारांची फितुरी यांस अधिक महत्त्व दिलें आहे. ऱ्हासाचें एकच कारण सांगणारा निर्णय यापुढें जसाच्या तसा स्वीकारतां येणार नाहीं.

तात्पर्य, ग्रंथ संग्राह्य आहे. त्याचा निर्णय मात्र पुराव्याच्या पुढें गेला आहे. या उणिवेचा दोष एकट्या ग्रंथकारांवर टाकणें न्याय्य होणार नाहीं. आम्ही कागद जमविणारेही त्यांत भागीदार आहों. शिक्क्याची सनद दिसली कीं ती आम्ही उचलतों, आणि त्याच रुमालांतील हजेरीपट, दाण्याचे जमाखर्च व नालबंदीच्या याद्या क्षुल्लक म्हणून वाळवीस ठेवतों. सनदेवरून घराण्याचा हक्क कळतो. घोडीं किती उभीं राहिलीं, हें त्या याद्यांवरूनच कळावयाचें. वाळवे, शिराळें व कऱ्हाड या भागांतील जुन्या घरांतून असे रुमाल ज्यांच्या पाहण्यांत येतील, त्यांनीं ते फोडून निवड करण्यापूर्वीं आंतील सर्व कागदांची यादी, चिठोऱ्यांसुद्धां, करून ठेवावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.