गोष्ट घेतली, सांगणारा राहिला

इलियडमध्ये लाकडी घोडा नाही. अकिलीसच्या टाचेत घुसणारा बाण नाही, ट्रॉय जळताना दिसत नाही. दहा वर्षं चाललेल्या युद्धाच्या शेवटच्या वर्षातले साधारण पन्नास दिवस, त्यातही प्रत्यक्ष लढाईचे मोजके, एका योद्ध्याचा राग आणि त्या रागापायी गेलेली माणसं, एवढाच होमरचा ऐवज आहे. 24 सर्गांचं, साडेपंधरा हजारांहून अधिक ओळींचं हे काव्य हेक्टरच्या अंत्यविधीपाशी थांबतं. म्हणजे ते ग्रीकांच्या विजयापाशी नाही, शत्रूच्या घरातल्या शोकापाशी संपतं. चित्रपटाला येणारा प्रेक्षक मात्र घोडा पाहायला आलेला असतो, आणि निर्मात्याला ते पक्कं ठाऊक असतं. होमर पडद्यावर आणताना पहिली ओढाताण इथेच सुरू होते.

वोल्फगांग पीटरसनच्या ‘ट्रॉय’ने (2004) ती प्रेक्षकाच्या बाजूने सोडवली. सुमारे साडेसतरा कोटी डॉलर खर्चून काढलेला हा चित्रपट हेलनच्या पळून जाण्याआधी सुरू होतो आणि नगर पेटल्यावर संपतो. दहा वर्षांचं युद्ध काही आठवड्यांत उरकतं. हेक्टर मेनेलाउसला मारतो, ब्रिसेइस अ‍ॅगमेम्ननला मारते. त्यामुळे युद्धानंतर स्पार्टात सुखाने नांदणारे मेनेलाउस आणि हेलन, ज्यांना ओडिसीत ओडिसियसचा मुलगा टेलेमॅकस भेटतो, ते उरतच नाहीत आणि घरी परतल्यावर बायकोच्या हातून मरणारा अ‍ॅगमेम्ननही उरत नाही. पुष्कळ अभ्यासकांना याचा राग आला. मला या बदलांचा राग येत नाही. प्राचीन ग्रीकांनीच ही कथा हवी तशी वळवली होती. युरिपिडीसने तर ‘हेलन’ नाटकात ती ट्रॉयला कधी गेलीच नव्हती, सगळा काळ इजिप्तमध्ये होती, असं मांडलं. बदल करणं ही या कथेची परंपराच आहे. बदलाने काय कमावलं आणि काय गमावलं, एवढंच विचारायचं.

‘ट्रॉय’मधला सर्वांत गाजलेला प्रसंग घेऊ. म्हातारा राजा प्रायम रात्री एकटा शत्रूच्या तळावर येतो आणि ज्या हातांनी आपल्या मुलाला, हेक्टरला, मारलं त्या हातांचं चुंबन घेऊन मुलाचं प्रेत मागतो. पीटर ओटूलने हा प्रसंग असा केला आहे की दोन दशकांनंतरही तो डोळ्यांपुढून हलत नाही. पण होमरच्या या प्रसंगाचा कणा वेगळा आहे. तिथे प्रायम अकिलीसला त्याच्या स्वतःच्या बापाची, पेलियसची आठवण देतो. तो बाप दूर गावी जिवंत आहे, थकलेला आहे, मुलगा परत येईल म्हणून वाट पाहतो आहे. आणि तो मुलगा परतणार नाही हे अकिलीसला माहीत आहे. म्हणून दोघं एकमेकांसमोर रडतात, एक आपल्या मेलेल्या मुलासाठी, दुसरा आपल्या जिवंत बापासाठी आणि युद्धात गमावलेल्या मित्रासाठी. चित्रपटात पेलियस आधीच वारलेला आहे, आणि मुलाचा मृत्यू पाहावा लागला नाही हे त्याचं भाग्य, असं प्रायम म्हणतो. एका वाक्यात पटकथेने त्या भेटीतलं देणंघेणं संपवून टाकलं. नट उत्तम, प्रकाशयोजना उत्तम, पण मारणाऱ्याला मरणाऱ्याच्या घराचं दुःख आपल्या घरात दिसावं, ही जी होमरची खरी करामत, तीच गेली.

देवांचंही तसंच झालं. ‘ट्रॉय’मध्ये अकिलीसची आई थेटिस तेवढी येते, तीही पाण्यात उभी असलेली एक वयस्क बाई म्हणून. बाकी ऑलिंपसला सुट्टी. आजच्या प्रेक्षकाला ढगांत बसलेले देव खोटे वाटतील ही भीती समजण्यासारखी आहे. पण पहिल्याच सर्गात काय घडतं पाहा. अपमानित अकिलीस अ‍ॅगमेम्ननवर तलवार उपसू लागतो, तेवढ्यात अथीना मागून येऊन त्याचे केस धरते. ती फक्त त्यालाच दिसते. भर सभेत, सगळ्यांच्या देखत, एका माणसाच्या मनात काय चाललं आहे हे होमर असं उघडं करतो. देव काढले तर मनाच्या आत जायची ही वाट बंद होते. मग दुसरी वाट खोदावी लागते. आपल्याकडे इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये महाभारतातली माणसं निव्वळ माणसं म्हणून तपासली. दैवी कारणं बाजूला सारल्यावर त्या पात्रांच्या वागण्याचा पूर्ण जाब त्यांनी त्या पात्रांकडेच मागितला, आणि प्रश्न अधिक कठीण झाले. ‘ट्रॉय’ने देव काढले आणि त्या जागी नजर खिळवणारी शरीरं ठेवली.

देव दाखवायचा संकोच चित्रपटाला जन्मापासून नव्हता, हेही सांगायला हवं. इटलीत मिलानो फिल्म्सने 1911मध्ये ओडिसीवर मूकपट काढला, आणि काही वर्षांतच आपल्याकडे दादासाहेब फाळके ‘लंकादहन’ (1917) आणि ‘कालियामर्दन’ (1919) करत होते. दोन्हीकडे अद्भुत हाच सिनेमाचा हक्काचा प्रांत मानला जात होता. पुढे आपण देव पडद्यावर ठेवले. हॉलिवूडने ते हळूहळू साहसपटांकडे, राक्षसांच्या सोबतीला पाठवून दिले, आणि ‘गंभीर’ चित्रपटातून त्यांना बाहेर काढलं.

तरी माझं मुख्य म्हणणं देवांबद्दल नाही. पडद्यावरच्या होमरात खरा गैरहजर आहे तो सांगणारा.

मिल्मन पॅरी आणि त्याचा सहकारी आल्बर्ट लॉर्ड 1930च्या दशकात युगोस्लाव्हियात फिरले. एका तारेच्या गुसले या वाद्याच्या साथीवर वीरगाथा गाणारे लोक त्यांनी ध्वनिमुद्रित केले. अव्दो मेजेदोविच या निरक्षर गायकाने त्यांना 12 हजारांहून जास्त ओळींची एक गाथा अनेक बैठकींत ऐकवली. होमरची काव्यंही अशाच तोंडी परंपरेतून, ठरलेल्या पदबंधांच्या आधारे, श्रोत्यांसमोर घडत गेली असणार हे त्यानंतर पटत गेलं. म्हणजे इलियड ही एका आवाजात चाललेली बैठक आहे. तो आवाज कुठे थांबायचं, कुठे मागे वळायचं हे ठरवतो. मुख्य म्हणजे तो दोन्ही सैन्यांकडे सारख्याच डोळ्यांनी पाहतो.

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे मरणारी माणसं. चौथ्या सर्गात अजॅक्सच्या भाल्याने सिमोइसियस नावाचा एक ट्रोजन पोरगा मरतो. काव्यात त्याचं दुसरं काही काम नाही. तरी होमर थांबतो: आई आपल्या आईबापांबरोबर मेंढरं पाहायला डोंगरावर गेली होती, परतताना नदीकाठी तिने त्याला जन्म दिला, म्हणून नदीचं नाव त्याला मिळालं, आणि आईबापांनी वाढवल्याचं ऋण फेडायला त्याला आयुष्य पुरलं नाही. मग भाला. अशी माणसं इलियडभर पडत जातात, आणि बहुतेक पडण्याआधी त्यांचं घर क्षणभर दिसतं. युद्धपटात नेमकं उलटं घडतं. तिथे हजारो सैनिक संगणकावर बनतात, लाटेसारखे येतात, आणि नाव फक्त नायकाला असतं. पडद्यावरची लढाई जितकी मोठी होत गेली तितकी ती इलियडपासून दूर गेली.

ओडिसीची अडचण आणखी अवघड आहे. एकडोळ्या पॉलिफेमस, सायरन, सर्सी, मृतांचं जग, हे प्रेक्षकाला ठाऊक असलेलं सगळं नवव्या ते बाराव्या सर्गांत येतं, आणि ते होमर सांगत नाही. ओडिसियस स्वतः फेशियन लोकांच्या दरबारात जेवणानंतर सांगतो. त्याचे सगळे सोबती मेलेले आहेत, साक्षीला कुणी नाही, आणि तो पट्टीचा थापाड्या आहे हे काव्य स्वतःच पुढे दाखवतं: इथाकाला पोचल्यावर तो अथीनालाही बनावट ओळख सांगतो. चित्रपटाने पॉलिफेमस दाखवला की तो घडलेली गोष्ट होऊन बसतो. ‘राशोमोन’ने 1950मध्येच सिद्ध केलं होतं की कॅमेरा सांगणाऱ्यावर शंका घेऊ शकतो. ओडिसीवर ते धाडस कुणी फारसं केलेलं नाही.

मारियो कामेरिनीच्या ‘युलिसिस’मध्ये (1954) कर्क डग्लसचा नायक स्मृती हरवून किनाऱ्याला लागतो आणि एकेक प्रसंग त्याला आठवत जातो. सांगण्याच्या जागी आठवणं आलं. त्या चित्रपटाची खरी कल्पकता दुसरीकडे आहे: घरी वाट पाहणारी बायको पिनेलपी आणि वाटेत भुलवणारी सर्सी या दोन्ही भूमिका सिल्व्हाना मँगानोने केल्या. घर आणि मोह यांना एकच चेहरा देणं, हे होमरवरचं भाष्यच आहे. 1997च्या आंद्रेई कोंचालोव्हस्कीच्या दूरदर्शन मालिकेने मात्र सगळं काळाच्या क्रमाने, टेलेमॅकसच्या जन्मापासून लावलं, आणि गुंता सोडवता सोडवता वीणही सुटली.

माझ्या मते होमरच्या सर्वांत जवळ गेली ती 1968ची इटालियन दूरदर्शनची ‘लोदिस्सेआ’. फ्रांको रोस्सीने ती दिग्दर्शित केली, पॉलिफेमसचा भाग मारियो बाव्हाने केला. बेकिम फेहमियू ओडिसियस आणि आयरीन पापास पिनेलपी होती. आणि भागांच्या आरंभी वृद्ध कवी ज्युसेप्पे उंगारेत्ती कॅमेऱ्यासमोर येऊन होमर वाचत असे. त्या सुरकुतलेल्या, आवेगाने आकसणाऱ्या चेहऱ्याने मालिकेला सांगणारा परत दिला. मालिकेला आठ भागांची ऐसपैस जागा होती हे खरं. पण ती जागा कवीला द्यावीशी वाटली, हे महत्त्वाचं.

काहींनी सांगणाऱ्याला वेगळ्याच दारातून आत घेतलं. कोएन बंधूंचा ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ (2000) 1930च्या दशकातल्या मिसिसिपीत घडतो. रुळांवरून ढकलगाडी हाकणारा आंधळा म्हातारा भविष्य सांगतो, एका डोळ्याचा बायबलविक्या लुटारू भेटतो, नदीवर कपडे धुणाऱ्या बाया गाऊन भुलवतात. पण तो चित्रपट होमरचा ठरतो तो त्यातल्या गाण्यांमुळे. लोकांच्या तोंडी रुळलेली, कुणा एकाची नसलेली गाणी टी-बोन बर्नेटने निवडली, आणि कथानकही गाण्यानेच पुढे सरकतं: नायकांची सुटका होते ती त्यांनी गायलेलं गाणं घरोघरी पोचल्यामुळे. गोदारने ‘ल मेप्री’मध्ये (1963) ओडिसी चित्रित करू पाहणारा दिग्दर्शक म्हणून फ्रिट्झ लांगला स्वतःच्याच नावाने उभा केला आणि निर्मात्याशी त्याचं भांडण हाच विषय केला. थिओ अँजेलोपुलोसच्या ‘युलिसिसेस गेझ’मध्ये (1995) परतीचा प्रवास मानाकी बंधूंच्या हरवलेल्या चित्रफितींच्या शोधात जळत्या सारायेव्होपर्यंत जातो. या तिघांनी होमरचं कथानक जवळजवळ मोडलं, आणि तरीही ‘कोण सांगतो आहे, कुणासाठी’ हा प्रश्न त्यांनी जिवंत ठेवला.

उबेर्तो पासोलिनीच्या ‘द रिटर्न’ने (2024) उलट वाट धरली. प्रवास नाही, राक्षस नाहीत, देव नाहीत. फक्त इथाकाला पोचल्यानंतरचं घर. रेफ फाइन्सचं वळ उठलेलं, सुकलेलं शरीर युद्धाबद्दल जेवढं सांगतं तेवढं त्याचे संवाद सांगत नाहीत, आणि ज्युलियेत बिनोशच्या पिनेलपीला नवऱ्याच्या पराक्रमाचा आनंद होत नाही, भय वाटतं. देव काढून त्या जागी काहीतरी ठेवणं म्हणजे काय, ते इथे कळतं. मात्र ओडिसियसची लबाड, बोलकी, गोष्टीत रमणारी बाजू या चित्रपटाने पूर्ण गमावली. घाव राहिला, गमत्या गेला.

ख्रिस्तोफर नोलनचा ‘द ओडिसी’ डिसेंबर 2024मध्ये जाहीर झाला, तो आयमॅक्स फिल्मवर चित्रित करायचा आणि जुलै 2026मध्ये आणायचा असं ठरलं, तेव्हापासून चर्चा मुख्यतः जहाजांची, चिलखतांची आणि पडद्याच्या आकाराची होत आली आहे. मला उत्सुकता बाविसाव्या सर्गाची असते. पिनेलपीशी लग्न करू पाहणाऱ्या मागणीदारांची कत्तल झाल्यावर बारा दासींना आधी प्रेतं उचलायला लावतात, रक्ताने माखलेली आसनं पुसायला लावतात, आणि मग टेलेमॅकस त्यांना एका दोराला फासावर लटकवतो. मार्गारेट अटवुडने ‘द पेनेलोपियाड’मध्ये (2005) त्याच बाराजणींना समूहाने बोलायला लावलं. पडद्यावर हा प्रसंग बहुधा गाळतात, कारण नायक घरी आला आहे आणि प्रेक्षकाने सुस्कारा टाकायचा आहे. होमरने तो गाळला नाही. त्या बायकांचे पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही, इतकं पाहून तो पुढे गेला, आणि पुढच्याच सर्गात त्याने नवराबायकोची भेट लिहिली. या दोन गोष्टी एकाच रात्री घडताना जो दिग्दर्शक दाखवेल, त्याने ओडिसी वाचली आहे असं मी म्हणेन.