काढून टाकलेला भागीदार : 'रेडियम गर्ल्स' आणि डॉ. सोखोत्स्कीची साक्ष

मंडळाच्या नाट्यविभागात यंदा एक सूचना आली. दरवर्षी आपण पुण्या-मुंबईची नाटकं उसनी आणतो. त्याऐवजी न्यू जर्सीच्या मातीतला एखादा विषय का घेऊ नये? सुचवणाऱ्याच्या हातात डी. डब्ल्यू. ग्रेगरी यांचं 'रेडियम गर्ल्स' हे नाटक होतं. २००० साली ते आपल्याच राज्यात, मॅडिसनला, प्रथम रंगमंचावर आलं आणि पुढे अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांतून सतत होत राहिलं. दहा नट तीसहून अधिक भूमिका करतात, नेपथ्य फारसं लागत नाही. म्हणजे आपल्या खजिनदारांना न घाबरवणारं नाटक! रूपांतर करावं की नाही यावर मत द्यायचं काम माझ्याकडे आलं. नाटक वाचलं, त्या निमित्ताने त्यामागचा इतिहासही वाचला, आणि मत देण्याऐवजी हा लेखच लिहून बसलो.

विषय बहुतेकांना ऐकून माहीत असेल. जर्सी सिटीहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत-बाहेर असलेल्या ऑरेंज गावात, हाय स्ट्रीट आणि आल्डन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, पहिल्या महायुद्धाच्या काळात एक कारखाना निघाला. तिथे घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रंगवत. काम करणाऱ्या बहुतेक पोरसवदा मुली. काही जणी तर चौदा-पंधरा वर्षांच्या. आकडा बारीक यायला हवा, म्हणून ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करायचं, रंगात बुडवायचं, रंगवायचं, पुन्हा ओठांत. मजुरी नगावर. रंगात झिंक सल्फाइड आणि किंचित रेडियम. शरीराला रेडियम कॅल्शियमसारखंच वाटतं, म्हणून ते हाडांत जाऊन बसतं. काही वर्षांनी या मुलींचे दात पडू लागले, जबडे कुजू लागले. १९२२ साली मॉली मॅगिया ही पहिली मुलगी गेली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर सिफिलिस लिहिलं गेलं. पाच वर्षांनी प्रेत उकरून काढलं, तेव्हा हाडांतून किरणोत्सर्ग होत होता.

१९२७ साली ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार जोडीदारणींनी कंपनीवर दावा लावला. त्या पाचांत मॉलीच्या दोन बहिणी होत्या. राज्याच्या कायद्यात मुदत दोनच वर्षांची होती आणि आजाराला दिसायलाच त्याहून जास्त वेळ लागत होता. शेवटी जून १९२८ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली : प्रत्येकीला दहा हजार डॉलर रोख, वर्षाला सहाशे डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च.

नाटकाचा सगळा भार दोन माणसांवर आहे, ग्रेस आणि कंपनीचा अध्यक्ष आर्थर रोडर. ग्रेगरीबाईंनी रोडरला खलनायक केलं नाही, ही त्यांची मोठी जमेची बाजू. त्याला बायको आहे, मुलगी आहे, आणि तो स्वतःची समजूत घालत जातो. आपल्याकडच्या कितीतरी सामाजिक नाटकांत पहिल्या प्रवेशातच कारखानदाराच्या हातात सिगार देऊन त्याचा निकाल लावून टाकतात, तसं इथे होत नाही. या गुणासाठीच हे नाटक वाचावं.

पण वाचताना माझं लक्ष तिसऱ्याच माणसावर खिळलं. डॉ. साबिन फॉन सोखोत्स्की. तो रंग त्याने शोधला. नाटकात तो आहे, पण त्याच्या वाट्याला आलेली जागा या दोघांच्या मानाने फारच थोडी आहे. माझ्या मते नाटकातली सर्वात अवघड भूमिका तीच असायला हवी होती.

हा माणूस आपल्यासारखाच बाहेरून आलेला. मूळचा युक्रेनकडचा, डॉक्टर, हुशार, हौशी. डॉ. जॉर्ज विलिस या भागीदाराबरोबर त्याने कंपनी काढली. रेडियमवर त्याचं प्रेम होतं म्हणायला हरकत नाही. ते तो उघड्या हाताने हाताळायचा, आणि डाव्या हाताच्या बोटात रेडियम शिरलं तेव्हा त्याने बोटाचं टोकच छाटून टाकलं. एक दिवस माणसाच्या घरातली खोली रेडियमच्या उजेडाने उजळेल, असं तो १९२१ साली एका मासिकात लिहीत होता. त्याच वर्षी कंपनीचं नाव बदलून युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशन झालं, कारभार रोडरच्या हाती गेला, आणि दोन्ही संस्थापक बाहेर पडले. बाहेर पडले म्हणजे पाडले गेले. विलिसचा अंगठा पुढच्याच वर्षी कापावा लागला, आणि १९२३ मध्ये त्याने वैद्यकीय नियतकालिकात रेडियमच्या धोक्याबद्दल लिहिलं.

त्यानंतरच्या कारखान्याची कथा खरोखरच काळी आहे. १९२४ मध्ये हार्वर्डचे सेसिल ड्रिंकर कंपनीच्याच बोलावण्यावरून पाहणी करून गेले. त्यांच्या अहवालात धोका स्पष्ट लिहिला होता. कंपनीने तो दाबला, आणि सरकारच्या कामगार खात्याला त्याची अशी आवृत्ती दाखवली की जणू प्रत्येक मुलगी ठणठणीत आहे. एलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाईंच्या खटपटीने हे ड्रिंकरना कळलं, तेव्हा कुठे १९२५ मध्ये मूळ अहवाल छापून आला. त्याच सुमाराला काढून टाकलेला हा भागीदार पुढे आला. रंगात केवळ रेडियम नव्हे, मेसोथोरियमही होतं हे त्याने सांगितलं. एसेक्स काउंटीचे डॉ. हॅरिसन मार्टलँड मुलींची तपासणी करत होते, त्यांना त्याने उपकरणांसाठी मदत केली. गंमत म्हणावी की काय, पण श्वासाची तपासणी झाली तेव्हा सर्वात जास्त किरणोत्सर्ग आढळला तो त्याच्याच श्वासात.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला फार आवडते. बुद्धिमान संशोधक कंपनी काढतो, पैसेवाले त्याला हाकलतात, कारखाना बिघडतो, आणि तो परत येऊन सत्याच्या बाजूने उभा राहतो. केट मूर यांचं २०१६ साली इंग्लंडात आणि पुढच्या वर्षी इथे प्रसिद्ध झालेलं पुस्तक लाखो लोकांनी वाचलं, आणि वाचावं असंच ते आहे. मुलींची नावं, घरं, आजारपणं त्यांनी जितक्या मायेने उभी केली तितकी कुणीच केली नाहीत. चकाकी, झळाळी, उजेड या शब्दांचा मारा थोडा कमी चालला असता, ही माझी एक कुरकुर. सोखोत्स्कीकडे त्या कणवेने पाहतात. क्लॉडिया क्लार्क यांचं १९९७ चं पुस्तक विद्यापीठीय वळणाचं, वाचायला कोरडं; पण ते एक महत्त्वाचा प्रश्न धरून ठेवतं. धोका कुणाला, केव्हा कळला, आणि तो 'कळला' असं ठरवण्याचा अधिकार कुणाचा?

हा प्रश्न सोखोत्स्कीला लावून पाहा. ग्रेस फ्रायरने कारखाना सोडला १९२० साली. म्हणजे तिच्या हाडांत जे गेलं ते सगळं त्याच्या काळात गेलं. ओठांनी ब्रश टोकदार करायची पद्धत रोडरने आणलेली नव्हती. ग्रेसच्या सांगण्याप्रमाणे एकदा हा डॉक्टर तिच्या टेबलाजवळून जाताना थांबला आणि असं करू नकोस, आजारी पडशील, म्हणाला. ती वरिष्ठ बाईकडे गेली. बाई म्हणाली, काही होत नाही. डॉक्टर पुढे निघून गेला होता. पद्धत चालूच राहिली.

पुढे मुलींनी त्याला तोंडावर विचारलं, आम्हाला सांगितलं का नाहीत? तेव्हा त्याने सांगितलं की धोका आपल्याला ठाऊक होता, आपण प्रयत्नही केला, पण कामगारांचा कारभार पाहणाऱ्यांनी विरोध केला. वकील रेमंड बेरी यांच्या दृष्टीने हे सोनंच होतं. पण १९२८ च्या वसंतात, कोर्टात शपथेवर, बेरींनी खोदून विचारल्यावर तो मागे सरला. खासगीत दिलेली कबुली त्याने तशी मान्य केली नाही. समोर बसलेली ग्रेस तेव्हा पाठीला आधाराचा पट्टा बांधून होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो स्वतः रक्ताच्या विकाराने गेला. वय जेमतेम पंचेचाळिशीच्या आसपास.

तो का फिरला? कंपनीवरच्या प्रेमामुळे नक्कीच नाही. तिने त्याला हाकललंच होतं. मला दिसतं ते कारण साधं आहे. 'कंपनीला माहीत होतं' हे सिद्ध व्हायचं तर त्याने 'मला माहीत होतं' असं म्हणायला हवं होतं. १९२१ नंतरच्या लबाडीबद्दल बोलताना तो निर्भीड होता. त्याआधीच्या चार वर्षांबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा त्याची जीभ अडखळली. आणि तो वाईट माणूस नव्हता, हीच अडचण आहे.

इथे नाटककारांची एक जुनी खोड आठवते. गैरकृत्यातला भागीदार रंगमंचावर नीट उभा करायला ते कचरतात. इब्सेनच्या 'वाइल्ड डक'मधला म्हातारा एकडाल हा एके काळी श्रीमंत वेर्लेचा भागीदार; सरकारी जंगलतोडीपायी तुरुंगात गेला तो एकटा, आणि नाटकात तो वेर्लेचीच कागदपत्रं नकलून पोट भरतो. आर्थर मिलरच्या 'ऑल माय सन्स'मध्ये भागीदार तुरुंगात आहे आणि शेवटपर्यंत तो दिसतच नाही. आपल्या 'सामना'त (१९७५) तेंडुलकरांनी आणि जब्बार पटेलांनी साखरसम्राटासमोर मास्तर उभा केला. मारुती कांबळेबद्दलचा तो एकच प्रश्न विचारत राहणारा मास्तर डॉ. लागूंमुळे आपण कधी विसरणार नाही. पण मास्तर कफल्लक आहे, कारखान्यात त्याचा एक शेअर नाही. प्रश्न विचारण्याची किंमत त्याला द्यावी लागते, उत्तरात मात्र त्याचं स्वतःचं नाव नाही. सोखोत्स्कीची गोष्ट इथेच वेगळी होते.

हे मी इतकं लांबवतो आहे त्याला कारण आहे. १९८० च्या दशकात एका छोट्या प्लेटिंगच्या कारखान्यात माझी भागीदारी होती. नाव सांगण्यात अर्थ नाही. मला बाहेर काढलं गेलं, आणि पुढची अनेक वर्षं, गणपतीच्या जेवणानंतर कुणी विषय काढला की, मी एकच गोष्ट सांगत आलो : मी होतो तोवर ठीक होतं, मी गेल्यावर त्यांनी गाळाची पिंपं मागच्या अंगणात टाकायला सुरुवात केली. मित्रांनी ती गोष्ट इतक्या वेळा ऐकली आहे की माझ्याऐवजी तेच सांगू शकतील. ती खोटी नाही. पण पिंपं माझ्या वेळीही होती, फक्त कमी होती. क्रोमच्या टाकीवर काम करणाऱ्या एका माणसाने मला सांगितलं होतं की सकाळी नाकातून रक्त येतं. मी केमिकल इंजिनिअर. क्रोमिक अ‍ॅसिडची वाफ नाकातल्या पडद्याचं काय करते ते मला पाठ होतं. मी त्याला मास्क आणून दिला आणि वाफ ओढून घेणाऱ्या पंख्याचा खर्च पुढच्या वर्षाच्या बजेटवर टाकला. पुढच्या वर्षी मी तिथे नव्हतो. ही दोन वाक्यं मी जेवणानंतर कधी सांगितलेली नाहीत.

जर्सी सिटीत राहणाऱ्यांना क्रोमियमबद्दल वेगळं सांगायला नको. १९०५ पासून १९७० च्या दशकापर्यंत हडसन काउंटीत क्रोमेटचे तीन मोठे कारखाने चालले, दोन इथे आणि एक कर्नीला. वीस लाख टनांहून अधिक कचरा निघाला आणि तो भराव म्हणून घरांखाली, रस्त्यांखाली, शाळांजवळ पसरला. तळघराच्या भिंतींवर पिवळे-हिरवे स्फटिक फुटायचे. रूट ४४० जवळच्या जागेसाठी नागरिकांनी दावा लावला आणि २००३ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी हनीवेलला तो कचरा उकरून काढायला लावलं. हनीवेलने तो खड्डा केला नव्हता. केलेल्या कंपनीचा वारसा विलीनीकरणातून तिच्याकडे आला होता. ऑरेंजच्या रेडियमचंही तसंच. कारखान्याची जागा १९८३ मध्ये सुपरफंडच्या यादीत गेली. मॉन्टक्लेअर, ग्लेन रिज आणि वेस्ट ऑरेंजमध्ये तर किरणोत्सर्गी माती चांगल्या घरांच्या पायाखाली सापडली. आपल्यापैकी कितीतरी जणांनी त्या गावांत पुढे घरं घेतली.

आता मूळ मुद्दा, नाटकाचा. २०२० साली प्रदर्शित झालेला याच नावाचा चित्रपट मी रूपांतरासाठी बाजूला ठेवतो. त्यात दोन काल्पनिक बहिणींची गोष्ट आहे. तरुण मुलींनी जरूर पाहावी, पण त्यांच्या लढ्याच्या उत्साहात कारखान्याच्या आतले गुंते विरून जातात. ग्रेगरीबाईंचं नाटक त्या मानाने पुष्कळ प्रौढ आहे. माझं मत असं की नाटक घ्यावं, लेखिकेची रीतसर परवानगी काढावी, आणि परवानगी मिळाली तर एक प्रवेश वाढवावा : कोर्टातली सोखोत्स्कीची साक्ष. तिची नोंद सरकारी दप्तरात आहे, कल्पनेची गरज कमी पडेल. मात्र ती करताना त्याला पश्चात्तापाचं भाषण देऊ नये. त्याने ते केलं नाही. बेरी प्रश्न विचारतो, कंपनीचा वकील हरकत घेतो, डॉक्टर नाही म्हणतो, आणि ग्रेस त्याच्याकडे पाहत राहते. एवढंच.

एका मित्राने, ज्याला ही भूमिका हवी आहे, मला फोनवर विचारलं की प्रेक्षकांना मग तो चांगला वाटायचा की वाईट? आपला प्रेक्षक मध्यंतरात बटाटेवडा खाताना हेच विचारणार, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. मी त्याला सांगितलं की आधी कारखान्यातला प्रवेश बसव. ब्रश ओठांत धरलेली मुलगी दिसते, तो थांबतो, बोलतो, आणि चालू लागतो. तिथे किती सेकंद थांबायचं ते ठरलं की बाकीचं जमेल.